भाऊंचा दुसरा पॅन

“भांडं एक असलं की भांडण नाही,” असं म्हणत भाऊ बिडाचा जड पॅन धप्पकन स्टोव्हवर ठेवायचे. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चार विद्यार्थी राहायचो आणि भांडी कुणी घासायची यावरून रोज जुंपायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा सीनियर असेल, ज्याला पीएचडी कधी संपणार हे विचारायचं नसतं. भाऊ नागपूरचे, मातीवर संशोधन करणारे. ऐंशीच्या दशकात त्या गावात भारतीय सामान मिळायची मारामार. सुपरमार्केटात मिळेल त्यावर त्यांचा स्वयंपाक चालायचा. बीफचा खिमा कांदा-लसणावर खमंग परतायचा, घरून आणलेलं तिखट घालायचं, कोरडे तांदूळ त्यातच परतायचे, मग डब्यातले टोमॅटो आणि पाणी. भात शिजला की वर मूठभर किसलेलं चीज, आणि झाकण.

“आता कोणी उघडायचं नाही. चीज लाजतं,” ते म्हणायचे. “आई मोठ्याचं मटण असंच करायची. चीज तेवढं माझं.” मोठ्याचं म्हणजे बीफ, हे मला तिथेच कळलं.

मी पुण्याच्या शाकाहारी घरातून ऐन जानेवारीत तिथे पोचलो. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ताट पुढे केलं.

“बीफ आहे. खातोस?”

“नाही, भाऊ.”

“बरं.”

मी ब्रेडला पीनट बटर लावून जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी भाऊ बर्फातून चालत एक नवा पॅन घेऊन आले. खिम्याऐवजी राजमा घालून तोच भात त्यांनी माझ्यासाठी केला.

“आता भांडी दोन झाली,” मी म्हणालो.

“मग भांडू ना बे. शांततेचा कंटाळाच आला होता.”

पहिल्या परीक्षेत मी सपशेल आपटलो. परत जायचं ठरवलं आणि भाऊंना सांगितलं.

“जा ना. कोण अडवून राहिलं? पण जेवून जा.”

जेवल्यावर जाणं उद्यावर पडायचं. उद्या पुन्हा तेच. असं करत सेमिस्टर निघालं, नंतर डिग्रीही निघाली. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या ताटांवर उभं आहे, असं मला अजून वाटतं.

गावातल्या एका डॉक्टरांकडे मराठी मंडळींचा पॉटलक असायचा, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून न्यायचा. एका शनिवारी भाऊंनी डॉक्टरांच्या बायकोला, काकूंना, फोन करून राजम्याचा भात आणू का विचारलं. मी कोट चढवून शेजारीच उभा होतो. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

“अरे, तू काही कुक करू नकोस. तुझ्या किचनमध्ये बीफ असतं ना, इथे काही जण पर्टिक्युलर आहेत. तू नुसता ये.”

“पॅन वेगळा आहे, काकू.”

“हो रे, पण हात...” काकू थांबल्या.

“हात तेच आहेत, काकू,” भाऊ शांतपणे म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. “तू जा. पुरणपोळी असेल तिथे.”

मी कोट काढला आणि कांदा चिरायला घेतला. भाऊंनी दोन्ही पॅन चढवले.

बातमी कशी पसरली कोण जाणे, पण तासाभरात पॉटलकवरून उठून पोरंपोरी आमच्याकडे येऊ लागली. वरच्या मजल्यावरचा कोरियन मित्रही आला. घरात जागा पुरेना, तेव्हा मंडळी जिन्यावर बसून जेवली. मग दर महिन्याला ती पंगत पडू लागली.

वसंतात एकदा काकू स्वतः आल्या, पुरणपोळ्या घेऊन. त्यांनी भाऊंच्या हातून राजम्याच्या भाताचं ताट घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत संपवलं.

“चीज कुठलं रे हे?” त्यांनी विचारलं. डोळे मात्र ताटातच होते.

“सांगतो. आधी अजून थोडा घ्या,” म्हणत भाऊंनी पॅनच्या तळाची खरपुडी त्यांना वाढली. आमच्यात ती फक्त लाडक्या माणसाला मिळायची.

पुढे भाऊंची पीएचडी झाली. नागपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. ऑगस्टच्या उकाड्यात मी त्यांना बसवर सोडायला गेलो, तर त्यांच्या अंगात नवाकोरा लोकरी कोट.

“भाऊ, काढा तो. घामाने निथळताय.”

“बापासाठी घेतला. गिरणीत वॉचमन आहे तो, रात्रपाळीला,” ते म्हणाले. “बॅगेत चुरगळला असता.”

बस वळणापर्यंत गेली तरी भाऊ खिडकीत ताठ बसलेले दिसत होते, पाठ सीटला अजिबात न टेकवता.