दुसरीत आहे, पण पाचवीचं येतं

भर बैठकीत माझी चड्डी ओली झाली.

दसऱ्याची संध्याकाळ. देवासला साहेबांचा बंगला. भिंतीलगत सतरंज्यांवर माणसं बसलेली, समोर सोफ्यावर साहेब, आणि मधल्या मोकळ्या फरशीवर मी एकटी उभी. सात वर्षांची. नवा परकर-पोलका घातलेली. परकराखालून ओघळ आला आणि फरशीच्या उतारावरून सरळ साहेबांच्या पायांकडे निघाला.

साहेबांनी पाय वर उचलले आणि म्हणाले, "अरे, फडकं द्या रे हिला. पुसेल तीच. हुजऱ्याची पोर आहे, पुसणं रक्तातच असणार."

सगळे हसले. माझे बाबाही हसले. आणि फडकं बाबांनीच आणून दिलं. मी वाकून पुसलं, चांगलं कोरडं होईपर्यंत पुसलं.

आम्ही कोण, ते आधी सांगते. माझे पणजोबा संस्थानात हुजरे होते. साहेबांच्या आजोबांना पाणी द्यायचे, जोडे काढायचे. संस्थान गेलं त्याला किती वर्षं झाली. पण साहेबांच्या घराण्याकडे जमिनी राहिल्या, बंगला राहिला, आणि आमच्याकडे हुजरेपण राहिलं. बाबा साहेबांच्या बायपासवरच्या मॅरेज गार्डनमध्ये मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे साहेबांची गाडी आली की धावत जाऊन फाटक उघडायचं. देवासातली चार मराठी माणसं भेटली की आजही विचारतात, "म्हणजे ते हुजऱ्यांचे का?" सोनकच्छला आत्याच्या लग्नातसुद्धा एका म्हातारीने हेच विचारलं होतं.

दसऱ्याला जुन्या नोकरीतली सगळी घरं साहेबांकडे सोनं द्यायला जातात. आपट्याची पानं द्यायची, कमरेत वाकून मुजरा करायचा. मग पोरांना पुढे ढकलायचं. साहेब विचारतात, "कितवीत?" पोराने इयत्ता सांगायची. आणि इथे प्रत्येक बाप एक वाक्य जोडतो. त्या वाक्यासाठी वर्षभर घराघरात पोरं रडत असतात. माझ्या बाबांचं वाक्य होतं, "दुसरीत आहे सरकार, पण पाचवीचं येतं."

"असं का? मग औटकी येत असेल."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या हिंदी शाळेत तो कोणत्याच इयत्तेत नव्हता. पण जुन्या घरांत तो येणं म्हणजे हुशारी, म्हणून बाबांनी तोही घोटून घेतला होता. मी सुरू केलं. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा. आणि पुढे काहीच नाही. डोकं स्वच्छ, कोणीतरी झाडून काढल्यासारखं. साहेब सुपारी कातरत वाट बघत होते. बाबांचे ओठ हलत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मग ते झालं.

साहेबांचा नातू तिथेच होता. माझ्याच वयाचा. दुसरीतच. सोफ्याखाली आडवा पडून रिमोटची गाडी चालवत होता. मी फरशी पुसत असताना त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "आजोबा, सेल संपला, नवीन द्या ना." त्याला कोणी विचारलं नाही, कितवीत. त्याला कधीच कोणी विचारलं नाही.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, आणि कळलं की अंगाचा तिळपापड होतो. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांची पोरं आपापल्या वयाची असतात. सात वर्षांचा असला की सात वर्षांचाच असतो. वयाच्या पुढे पळायचं ते आमच्या पोरांनी. कुणापर्यंत पोचायला? जो सोफ्यावर बसलाय त्याच्यापर्यंत. आणि तो तर पळतच नाहीये.

घरी आल्यावर आई म्हणाली, "जाऊ द्या ना, छोटी आहे अजून. घबरून गेली बिचारी." आई जवळच्या हाटपिपल्या गावची. तिचं बोलणं मऊ, आणि घरात त्या बोलण्याला किंमत नव्हती. बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "उद्यापासून सहावीचं." मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान ते कशासाठी मारतायत हे मी विचारलं असतं.

मग वर्षानुवर्षं तेच. शाळेतून आलं की बाबांची तालीम. बाबा खुर्चीत बसायचे आणि साहेब व्हायचे. खरंच व्हायचे. पायावर पाय टाकायचे, आवाज जाड करायचे. मी दारातून आत यायचं, मुजरा करायचा, इयत्ता सांगायची आणि विचारतील ते म्हणून दाखवायचं. अडखळले की पुन्हा दारापासून. बाहेर गल्लीत पोरी सितोलिया खेळायच्या. एकावर एक रचलेल्या ठिकऱ्या चेंडूने पाडायच्या, पुन्हा रचायच्या. मला तो खेळ आवाजावरून ठाऊक आहे. खेळले एकदाही नाही.

दुसरीनंतर साहेबांच्या एका फोनवर शाळेने मला थेट चौथीत बसवलं. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. वर्गात मी सगळ्यात लहान. बाकापर्यंत हात नीट पोचायचे नाहीत. मोठ्या पोरी मला "ऐ गुड़िया" म्हणायच्या आणि त्यांची दप्तरं माझ्याकडे ठेवून खेळायला जायच्या. गणित यायचं. बाकी काही यायचं नाही. मैत्रीण कशी करतात ते यायचं नाही. रोज सकाळी पोटात कळ यायची. डॉक्टर म्हणायचे जंत, बाबा म्हणायचे नाटक. नववीपासून डॉक्टरकीच्या परीक्षेची कोचिंग, रोज इंदूरची बस. दोनदा बसले, दोनदा नापास. तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मग मी बीकॉम केलं, बँकेची परीक्षा दिली, माझ्या वयाच्या मुलांबरोबर दिली, आणि पास झाले. आता धारला एका बँकेत काउंटरवर बसते. नवरा धारचाच, शाळेत शिकवतो. आम्हाला रेवा आहे. सहा वर्षांची. पहिलीत.

बाबा रिटायर झाले आणि या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे राहायला आले. मला बरं वाटलं. पोर शाळेतून येईल तेव्हा घरात कुणीतरी असेल. बाबा म्हातारे झाले होते, रेवाला मांडीवर घ्यायचे, तिच्याबरोबर गॅलरीत बसून कैरी खायचे. मला मात्र त्यांनी कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, बदलले असतील.

जुलैत एका दुपारी बँकेतली लाइन गेली, काम ठप्प झालं, मी लवकर घरी आले. दार लोटलेलंच होतं. आत माझी पोर कमरेत वाकलेली. उजवा हात जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला लावत होती. समोर खुर्चीत बाबा, पायावर पाय टाकून.

"कितवीत?"

"पहिलीत आहे सरकार, पण तिसरीचं येतं."

"औटकी म्हण."

तिने सुरू केलं. चौदावर अडली. आणि तिने गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले.

मी आत गेले. काय बोलले ते मला धड आठवत नाही, आवाज मात्र शेजारच्या घरापर्यंत गेला होता. रेवा रडत आजीकडे पळाली. बाबा उठलेसुद्धा नाहीत.

"ओरडतेस काय? तुला एक इयत्ता पुढे नेलं म्हणून आज बँकेत आहेस."

"मी बँकेत आहे ती तुमचं सगळं विसरल्यावर."

"आपल्याला हुजऱ्याचं घर म्हणतात. ते मला पुसायचंय. मी मरायच्या आत."

"मग तिथे जाणं बंद करा. पुसलं जाईल."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कुठल्या परक्या भाषेत बोलले. मग हळूच म्हणाले, "दसऱ्याला नाही गेलो तर काय म्हणतील?"

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझे वडील आहेत, तू बघ. ठीक. मी बघितलं. तालीम बंद केली. आई-बाबा देवासला परत गेले. दसऱ्याच्या आधी आईचा फोन आला, "एक बार येऊन जा गं. त्यांची तब्येत ठीक नाही राहत. नातीला घेऊन गेले नाहीत तर मनाला लावून घेतील." मी म्हटलं, येते, पण रेवा काही म्हणून दाखवणार नाही. आई म्हणाली, "नाही म्हणणार, मी सांगते त्यांना."

रेवा आणि मी गेलो. बंगला तोच, सतरंज्या नव्या. थोरले साहेब आता अंथरुणाला खिळलेत. सोफ्यावर नातू बसला होता. तोच, सोफ्याखालचा. सगळे त्याला आता राजे म्हणतात. शिक्षण कितवीपर्यंत झालं कोणाला माहीत नाही, कोणी विचारलेलं नाही. हातात फोन. बाबा त्याच्यापुढे, माझ्या वयाच्या त्या माणसापुढे, कमरेत वाकले. सत्तरीकडे आलेला माणूस. उठताना त्यांना सतरंजीवर हात टेकवावा लागला. तो फोनमध्ये बघूनच म्हणाला, "हाँ हाँ, बस, अंकल."

मग त्याची नजर रेवावर गेली. "कौनसी क्लास में है बेटा?"

बाबा लगेच पुढे झाले. "पहिलीत आहे राजे, पण तिसरीचं…"

"पहिलीत आहे," मी म्हटलं. "पहिलीचंच येतं. तेही सगळं नाही."

काही जण हसले. तोही हसला. "अरे, अंकल तो बोल रहे थे जीनियस है. सुना दे बेटा कुछ. शरमा मत."

रेवा वाकायला लागली. तिला सवय लागली होती. मी तिचा दंड धरला आणि सरळ उभी केली.

"ती काही म्हणणार नाही. आणि वाकणारही नाही."

"ताई, नाराज क्यों हो रही हो? अपना रिवाज आहे हे. आम्ही तर प्यारने विचारतोय."

"तुमचा मुलगा कुठे आहे?"

मुलगा कोपऱ्यात टॅबलेटवर गेम खेळत होता. रेवाएवढाच.

"त्याला उभं करा इथे. कितवीत आहे विचारा. औटकी म्हणायला सांगा. मग माझी मुलगी म्हणेल."

राजेंचा चेहरा लाल झाला. मुलाला त्याने उभं केलं नाही. करणार नव्हताच. सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, "हुजऱ्यांच्या घरातली ना ही?" मी वळून म्हटलं, "हो, त्यांचीच. लक्षात ठेवा." बाबांनी माझ्या हाताला धरलं. म्हणाले, "माफी माग." मी हात सोडवून घेतला, रेवाला उचललं आणि बाहेर आले. आई मागे फाटकापर्यंत आली, तिथे थांबली, आणि आत परत गेली.

आणि रेवाने मला मिठीबिठी मारली नाही. बसस्टँडवर तिने मला बुक्के मारले. "मला येत होतं! मला पूर्ण येत होतं! आजोबांनी फोनवर शिकवलं होतं! तू मला म्हणू नाही दिलं!" लोक बघत होते. तिचे गाल भिजले होते, नाक गळत होतं. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार की तुला येत होतं म्हणूनच मी तुला थांबवलं. न येणाऱ्या पोराचं ते हसं करतात, आणि येणाऱ्या पोराला पुढच्या वर्षी परत बोलावतात. ती धारपर्यंत रुसून बसली. मी तिला रुसू दिलं. बाबांनी फोनवर पाढे शिकवले हे मला माहीत नव्हतं. ते ऐकून पुन्हा डोकं तापलं.

आठवड्याने बाबांचा फोन आला. आवाज बसलेला.

"तुझ्यामुळे मला जाऊन माफी मागावी लागली. सगळ्यांसमोर."

खोटं कशाला बोलू. तो माणूस सतरंजीवर हात टेकवून उठतो ते मला दिसत होतं. तरीही मी म्हटलं, "बाबा, माफी तुम्ही मागितलीत. मी मागितली नाही, मागणार नाही."

"मग मी तुझ्या घरी यायचं की नाही?"

"या. केव्हाही या. हवे तितके दिवस राहा. रेवाला गोष्टी सांगा, बाजारात न्या, कैऱ्या खायला घाला. पण तिच्यापुढे पुन्हा साहेब होऊन बसायचं असेल, तर धारच्या बसमध्ये चढू नका."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी उत्तराची वाट बघितली नाही. फोन ठेवला.