‘पळवला’ या शब्दाचा तपास

फिर्यादीतला एक शब्द तपासाला कुठल्या कुठे घेऊन जातो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो आणि शेवटी स्वतःच त्याला बळी पडलो. त्या गुरुवारची आठवण निघाली की अजून मला माझाच राग येतो. नोकरीची शेवटची वर्षं होती. जुन्नर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो आणि आता आपल्याला नवीन काही शिकायचं उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. दोघं जण आत आले. पुढचा पन्नाशीचा, ताठ कण्याचा, अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. शेतकरी घरातला हा माणूस सैन्यातून निवृत्त होऊन गावी आला होता आणि शाळेच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवत होता. पोरं त्याला ‘सर’ म्हणत, आपण कोच म्हणू. त्याच्या मागे उभा होता जुन्नरच्या बाजारपेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा एक मुस्लिम कारागीर. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा आदल्या संध्याकाळी सरावाहून घरी परतलाच नव्हता.

बोलायला हवं होतं बापाने. बोलला कोच.

“साहेब, पोरगं पळवलं आमचं! हायवेवरच्या अकादमीवाल्यांनी पळवलं. लई दिसांपास्नं डोळा व्हता त्येंचा.”

बापाने नुसती मान हलवली. ठाणे अंमलदारांनी ‘पळवले’ असं लिहून घेतलं. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा असतो, त्यामुळे कागदावर काही चुकलं नव्हतं. पण गुन्हा कोणताही नोंदवला तरी अधिकाऱ्याने डोकं उघडं ठेवायचं असतं. माझ्या डोक्यात तो एकच शब्द जाऊन बसला.

पार्श्वभूमी अशी. हा मुलगा त्या मैदानावर खेळला की रस्त्यावरची माणसं गाडी थांबवून बघत. बाप सीट कव्हरच्या दोऱ्याने त्याचे फाटलेले बूट शिवून द्यायचा आणि कोच त्याला रोज पहाटे टेकडीवर पळवायचा. इकडे हायवेजवळ एका शेठने नवी अकादमी काढली होती. तिथे हिरवंगार टर्फ, वसतिगृह, शाळेची सोय. पुण्यातल्या मोठ्या क्लबांचे लोक तिथे येऊन पोरं बघत. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी खेळाडूंची नोंदणी शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती आणि फॉर्मवर बापासोबत खेळाडूची स्वतःची सही लागत होती. ज्या संघाकडून नाव जाईल, त्याच संघाकडून मुलाला अख्खा हंगाम खेळावं लागणार. म्हणजे शनिवारपर्यंत मुलगा ज्याच्या ताब्यात, वर्षभर तो त्याचाच.

मी मैदानावर माणसं पाठवली. चौघांचे जबाब आले. पहिला चहावाला, तो म्हणाला, “अकादमीवाले त्याला पळवणार, हे तर म्हैनाभर चाललं व्हतं, साहेब.” बाकीचे तिघंही शब्दाला शब्द तेच. मी खूश. चार साक्षीदार, एक आरोपी आणि हेतूही तयार.

दुपारी अकादमीच्या शेठला बोलावलं. पांढरे कपडे, मंद अत्तर. समोर बसवून मी सरळ विचारलं, “तुम्ही त्या मुलाला पळवणार होतात?”

“हो, होतो ना,” शेठ म्हणाला.

अख्ख्या नोकरीत इतक्या लवकर कोणी कबुली दिली नव्हती. शेजारचा शिपाई लिहिता लिहिता थांबला. शेठने आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं.

“साहेब, दुसऱ्या संघातला खेळाडू आपल्याकडे आणणं याला आमच्या खेळात पळवणं म्हणतात. गाडीत कोंबून नेणं नव्हे. माझ्याकडे नाही तो. आणि मी कशाला लपवू? त्याचे वडील शनिवारी स्वतः सही करणार आहेत माझ्याकडे.”

चारही साक्षीदारांनी हाच अर्थ सांगितला होता आणि मी दुसरा लिहून घेतला होता. तरी दोन शिपाई पाठवून वसतिगृह, शेठची गाडी आणि हायवेवरच्या हॉटेलांचे कॅमेरे तपासून घेतले. मुलगा कुठेच नव्हता. दिवस फुकट गेला.

बापाला एकट्याला बोलावलं. तो हातातली टोपी चुरगाळत बसला. सही करायची ठरलं होतं, हे त्याने कबूल केलं.

“सकाळी का नाही बोललात?”

“सर बाजूला व्हते ना, साहेब. सहा वर्षं त्येंनी पोराला घडवला. त्येंच्या तोंडावर कसं सांगू की मी त्याला दुसरीकडं धाडतोय? त्येंना आजून म्हाईत न्हाई.”

इथे मला आमच्या हवालदार बाईंबद्दल सांगायला हवं. ठाण्यात शिपाई म्हणून आल्या तेव्हा पंचनामा लिहायला घाबरायच्या. मी शिकवलं, ओरडलो, पुन्हा लिहायला लावलं. आता त्यांच्यासारखी नजर अख्ख्या उपविभागात कोणाची नव्हती. हे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेलाही कळलं आणि त्यांची तिकडे बदली झाली. पण आदेश निघाला तरी प्रभारी अधिकाऱ्याने कार्यमुक्त केल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. तो आदेश मी महिनाभर टेबलाच्या खणात ठेवला होता. मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त आहे, असं वर कळवत होतो. खरं कारण एवढंच की माझं माणूस दुसऱ्याच्या हाताखाली चमकलेलं मला बघवणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, एक विचारू? मुलाची आई कालपासून तीनदा आली. तिन्ही वेळा तिनं हेच विचारलं, जेवला असंल का वो माझा पोरगा? कोच पाच वेळा आले. त्यांनी हे एकदाही विचारलं नाही.”

“मग?”

“त्यांना माहितीय तो जेवलाय.”

मूल हरवलेल्या घरातली माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. कोणी रडतं, कोणी शिव्या देतं, पण भुकेचा विषय निघतोच. कोच फक्त शेठला अटक कधी करता, हेच विचारत होता. आणि सही ठरल्याचं त्याला माहीत नाही, हे आम्हाला फक्त बापाच्या तोंडून कळलं होतं.

तेवढ्यात आई चौथ्यांदा आली. या वेळी हातात एक छोटा निळा पंप होता. मुलाला अधूनमधून दम लागायचा, त्यावर डॉक्टरांनी दिलेला. धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात तो तिला सापडला होता. “त्याच्याकडं न्हाईये हा. धूळ लागली की त्याची छाती भरती, साहेब,” एवढं बोलून ती बाकड्यावर बसली. कोचही पुन्हा येऊन दारातच उभा होता. पंप बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. दोन मिनिटांत “जरा शेतावर जाऊन येतो” म्हणून तो निघाला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या आधीच उठल्या होत्या.

कोच मोटरसायकलवर पुढे आणि साध्या वेशात बाई अन् एक शिपाई टोमॅटोच्या पिकअपमध्ये मागे. जुन्नरमध्ये चार मेडिकल असताना तो नारायणगावला गेला, कारण इथले दुकानदार त्याला ओळखत होते. तिथे तसाच पंप घेतला आणि मंचरच्या बाजूने थेट निरगुडसर गाठलं. तिथे त्याची बहीण दिली होती. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून मी तिकडे फोन करून कळवलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि जीप काढली.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा गोठ्याच्या भिंतीवर बॉल मारत होता. कोच शेजारी उभा राहून त्याला सांगत होता, “टाच वर, टाच वर.” पंप ट्रॅकसूटच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला. मला बघून त्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि हातात धरून उभा राहिला.

मी मुलाला बाजूला घेतलं. “कोंडून ठेवलं होतं?”

“न्हाई, साहेब. सर म्हणले क्याम्प हाय, दोन दिस थांब. फोन जमा करायचा असतो क्याम्पला. अम्मीला सांगितलंय म्हणले.”

“तुला खरं वाटलं?”

तो थोडा वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. “क्याम्पचं न्हाई वाटलं. पण सर कधी काय मागत न्हाईत. पहिल्यांदा मागितलं.”

कोचची चौकशी मी माझ्या खोलीत केली. चहा मागवला, त्याने घेतला नाही. फिरवाफिरव करायची गरजच पडली नाही. त्याला बोलायचंच होतं.

“साहेब, हा पोरगा नऊ वर्षांचा व्हता तवा त्याला बॉल थांबवता येत नव्हता. अनवाणी यायचा. तवा कुठं व्हता तो शेठ? मी पाय घडवला, मी दम घडवला, अन् हा आयता घिऊन चालला! बापानं मला सांगितलं न्हाई, पण पोरांच्या फोनवर फोटू फिरत व्हता. त्येंची पिवळी जर्सी घालून उभा हा. हसत व्हता, साहेब. माझ्याकडं सहा वर्षांत असा हसला न्हाई. डोकंच फिरलं माझं.”

“आणि आईचं काय?”

“शनवारचे पाच वाजले की घरी आणून सोडणार व्हतो.”

मला संताप आला. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की मला तो कळत होता. पिवळ्या जर्सीच्या जागी मला बाईंच्या गळ्यातलं गुन्हे शाखेचं ओळखपत्र दिसत होतं.

मुलाला जबाबासाठी बाहेरच्या बाकड्यावर बसवलं होतं. अटकेच्या कागदांवर सही घेण्यासाठी कोचलाही तिथेच आणलं. मुलगा आपणहून सरकून त्याच्या शेजारी बसला. तेवढ्यात आई-वडील आले. आईने मुलाची छाती, कपाळ, दंड चाचपले आणि तिथेच फरशीवर बसली. बाप म्हणाला, “दोन दिवस झाले, पाण्याबिगर काय घेतलं न्हाई हिनं.”

मुलाने कोचकडे मान वळवली. “सर, तुमी अम्मीला सांगितलंय म्हणला व्हता.”

कोचने मान खाली घातली. मुलाने पुन्हा विचारलं नाही. तो उठला आणि आईजवळ जाऊन फरशीवर बसला. शनिवारी दुपारी बापाने अकादमीच्या फॉर्मवर सही केली, मुलाने त्याच्याखाली केली.

त्याच शनिवारी मी खण उघडला आणि हवालदार बाईंना कार्यमुक्त केलं. मला वाटलं होतं, थोड्या हळव्या होतील, एखादा दिवस मागून घेतील. त्यांनी कडक सॅल्यूट केला, सामान उचललं आणि संध्याकाळच्या आत गेल्या. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू? पुढे त्यांनी उकललेल्या गुन्ह्यांच्या बातम्या पेपरात यायच्या, तेव्हा मी त्या दोनदा वाचायचो आणि तरी पोटात दुखायचं. पण त्या पुण्याहून येता-जाता ठाण्यात डोकवायच्या. मी आणखी महिनाभर लांबवलं असतं तर डोकावल्या नसत्या, एवढं मला कळलं होतं.

खटला उभा राहिला. आई-वडिलांनी घडलं तेवढंच सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. न्यायालयाने जो निर्णय द्यायचा तो दिला. मात्र कोचकडे पोरं पाठवणं गावाने बंद केलं. शाळेच्या मैदानावर आता संध्याकाळी लोक गाड्या चालवायला शिकतात.

निवृत्तीनंतर एकदा अकादमीच्या बक्षीस समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मुलगा आता उंच झाला होता, कर्णधार होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारलं, “एक सांग, तेव्हा तुला खरंच इकडे यायचं होतं का?”

तो हसला. “अब्बांना धाडायचं व्हतं, साहेब. मला कळत नव्हतं. ती जर्सी घातली तवा लई भारी वाटलं, पण रात्री सरांची आठवण आली.” मग गंभीर झाला. “सर एकदा तोंडानं ‘जा’ म्हणले असते ना, तर मी गेलोच नसतो.”

पुढच्याच आठवड्यात नारायणगावच्या स्टँडवर कोच भेटला. केस पांढरे झालेले, ताठ कणा थोडा वाकलेला. शेअर जीपची वाट बघत होता. मला बघून जवळ आला, रामराम झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी त्याचा पाय निघेना.

“साहेब, तुमी गेला व्हता म्हणं बक्षिसाला. खेळतो कसा आता?”

“चांगला खेळतो. कर्णधार आहे.”

“डाव्या पायानं मारतो का?”

“मारतो.”

त्याने मान हलवली. जीप आली, माणसं चढू लागली, तरी तो थांबला. “माझं काय बोलला का?”

नोकरीभर मी लोकांकडून खरं वदवून घेतलं. गोड बोलून घेतलं, आवाज चढवून घेतलं, समोरच्याला ते ऐकवेल की नाही याची कधी पर्वा केली नाही. शब्द जपून वापरावा, हे मला त्या प्रकरणानेच शिकवलं होतं. हेव्यापायी त्याने काय घालवलं हे मला माहीत होतं, आणि उरलेलं आयुष्य त्याने ते माहीत नसतानाच काढावं असं मला वाटलं.

“नाही,” मी म्हणालो. “वेळच नव्हता त्याला.”

“बरं हाय,” तो म्हणाला आणि जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.