मामांचा गोचीड

या पृथ्वीतलावर माझा सगळ्यात जास्त अपमान कोणी केला असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांनी. मॅनेजरनं केलेला अपमान शुक्रवारी संध्याकाळपर्यंत विसरता येतो, बायकोनं केलेला जेवायला बसेपर्यंत. मामांनी केलेला अपमान मात्र अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या गराजमध्ये, सबंध फुटबॉल टीमसमोर, हातात वेफर्सची प्लेट असताना झाला, आणि तो आठवला की आजही माझे कान तापतात. मी मामांवर प्रेमानं काहीतरी लिहितोय असं बायकोला सांगितलंय. तिचा विश्वास बसलेला नाही.

मामा मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हटलं की आम्हा पुण्याच्या लोकांना तालीम आणि कुस्ती एवढंच आठवतं, पण तिथल्या तालमींच्या फुटबॉलच्या टीमही असतात, आणि त्यांच्या मॅचवरून एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या साडूशी वर्षभर बोलत नाही. मामा अशाच एका तालमीकडून खेळले. मग इंजिनियर झाले, मिनेसोटात आले, चाळीस वर्षं व्हॉल्व्ह डिझाइन करून रिटायर झाले, आणि एवढं सगळं होऊनही मनानं पेठेतच राहिले. आमच्या लग्नाची बोलणी चालू असताना ते सुट्टीवर आले होते. त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. ‘कुठल्या पोझिशनला खेळता?’ एवढंच विचारलं. मी अदबीनं सांगितलं की मी बुद्धिबळ खेळतो. मामांनी माझ्यादेखत भाचीकडे वळून ‘पोरी, अजून वेळ गेलेली नाही,’ असं सांगितलं आणि माझ्या वाटणीचा पेढा उचलून खाल्ला.

ईडन प्रेरी आणि आसपासच्या मराठी मंडळींची एक टीम मामांनी उभी केली होती. उन्हाळाभर रविवारी सकाळी वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांच्या टीमांशी लीगच्या मॅचेस. आमच्यात डेटाबेसवाले होते, एक भूलतज्ज्ञ होता, दोघंजण पोट आत घेऊन धावणारे होते. मामा जूनमध्येही कानटोपी घालून कडेला उभे. घडीची खुर्ची आणायचे, पण मॅचभर ती उघडायचे नाहीत, फक्त रेफरीच्या दिशेनं हलवायचे. कोणी ‘सॉकर’ म्हटलं की त्याला मैदानाला एक फेरी. माझा मुलगा एकदा ‘बट आजोबा, एव्हरीवन कॉल्स इट सॉकर’ म्हणाला, तर त्याला एक आणि त्याला असं वाढवल्याबद्दल मला दोन. कोणी कॅम्पिंगसाठी प्रॅक्टिस कॅन्सल केली तर त्याच्या बायकोला फोन करून ‘तंबूत झोपायचंच होतं तर घर कशाला घेतलंत?’ असं विचारायचे. त्यांच्या रागाला सुट्टी नव्हती, आणि गंमत अशी की तो कुणाला लागतही नसे. मी सोडून.

मामांचा सगळा फुटबॉल एका माणसावर उभा होता. समोरच्या टीममध्ये एक तरी असा असतो, की ज्याच्या पायातून सगळा खेळ सुरू होतो. आपल्या एका माणसानं बचावफळीच्या पुढे उभं राहायचं आणि मॅचभर त्याला चिकटायचं. स्वतः खेळायचं नाही, त्याला खेळू द्यायचं नाही. या माणसाला मामा ‘गोचीड’ म्हणत. आणि गोचीड मैदानात सापडत नाही, तो लोकांच्या दिवाणखान्यात सापडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. जेवणाच्या पार्टीत ते ताट घेऊन कोपऱ्यात बसत आणि माणसं न्याहाळत. कोणी ‘निघतो हं’ म्हणून दारात उभा राहून तासभर बोलला, की मामांचे डोळे चमकत. हरवलेल्या बॅगेसाठी विमान कंपनीशी सलग दोन तास फोनवर भांडलेल्या एका गृहस्थांना तर त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय न लावताही थेट टीममध्ये घेतलं होतं.

शेवटची परीक्षा इंडियन ग्रोसरीच्या दुकानात. शनिवारी, गर्दीच्या वेळी. मामा पुढे, उमेदवार मागे, बोलायचं नाही. मामा डाळींच्या रांगेत शिरत, मधेच गर्रकन वळत, लोणच्यांपाशी वाकत, मसाल्यांच्या आडून निसटत. हापूसच्या पेट्या आल्या असतील तर मुद्दाम तिथून जात. ज्याची नजर आंब्यांकडे गेली तो नापास. अकरा वर्षांपूर्वी मी नुकताच अमेरिकेत आलो होतो. मामा शेवटी बाथरूममध्ये शिरले तरी मी दाराशी उभा राहिलो. ते बाहेर आले, मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, ‘सापडला!’ खरं सांगायचं तर मला त्यांना सोडायची भीती वाटत होती. माझ्याकडे गाडी नव्हती, फोन चालत नव्हता, घरचा पत्ता पाठ नव्हता. पण त्या दिवसापासून मी गोचीड झालो, आणि या देशात मला पहिल्यांदा कोणीतरी कशासाठी तरी निवडलं होतं.

दहा वर्षं मी ती जागा सांभाळली. मला पास देता येत नाही, हेडर मारताना माझे डोळे मिटतात, पण चिकटायला मी चिकटतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात, लीगमधल्या सगळ्यात तगड्या टीमशी मॅच असताना, आदल्या शनिवारी गराजमध्ये मामांनी खडूनं भिंतीवर टीम लिहिली आणि गोचीडाच्या जागी सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून आलेल्या एका पोराचं नाव लिहिलं, तेव्हा मला वाटलं म्हातारा चुकला. मी हसत म्हणालो, ‘मामा, ती माझी जागा.’

‘होती,’ मामा म्हणाले. ‘तू उद्या माझ्याशेजारी बसायचं. पाण्याच्या बाटल्या बघ.’

पाण्याच्या बाटल्या! मी प्लेट टेबलावर आपटली. म्हणालो, ‘या पोराला ऑफसाइड कळत नाही. का काढलंत मला, ते सगळ्यांसमोर सांगा.’ मामा खडूचे हात पुसत म्हणाले, ‘माझी टीम, माझा गोचीड. कारण विचारायचं असेल तर तुझ्या मॅनेजरला विचार.’ सगळे हसले. तो नागपूरवाला बिचारा उठून उभा राहिला, ‘मामाजी, दादांनाच खेळू द्या ना, मी बसतो बाहेर, काही टेन्शन नाही,’ म्हणाला. त्याच्या त्या चांगुलपणानं मी अधिकच भडकलो. घरी येऊन मी बायकोला तिच्या माहेरच्या चार पिढ्यांबद्दल माझं मत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘ओरडून झालं की गाद्या उन्हात टाक.’

रविवारी मी गेलो, ते केवळ त्या पोराची फजिती बघायला. समोरचा दहा नंबरवाला म्हणजे पन्नाशीला आलेला एक किडकिडीत सोमाली माणूस, घरोघर टपाल टाकणारा. त्यामुळे न दमता चालण्याची त्याला सवय, आणि चेंडू त्याच्या पायाशी पाळल्यासारखा राही. पण नागपूरकर त्याला असा चिकटला की विचारू नका. तो बूट बांधायला वाकला की हा वाकायचा, तो थुंकला की हा थुंकायचा. हाफटाइमपर्यंत गोल नाही. माझा जळफळाट झाला.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी दहा नंबरवाल्याला विश्रांतीसाठी बाहेर काढलं. नागपूरकर गोंधळला. मैदानाच्या रेषेवरून त्यानं ओरडून विचारलं, ‘मामाजी, आता सोडू का याले?’ मामा त्या वेळी खुर्ची हलवत रेफरीशी भांडत होते. न बघताच ओरडले, ‘मरेपर्यंत सोडू नको!’ मामांसारख्या वडीलधाऱ्या माणसाला उलट विचारायची पद्धत त्या पोराच्या घरी नव्हती. तो दहा नंबरवाल्याच्या मागोमाग त्यांच्या बाकापर्यंत गेला आणि त्याच्याशेजारी बसला. त्या भल्या माणसानं त्याला संत्र्याच्या फोडी दिल्या. नागपूरचाच तो, संत्र्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. दोघं आरामात खात असताना आमचे दहाजण मैदानात सैरावैरा धावत होते, आणि त्यातच आमच्यावर गोल झाला.

मला इतका आनंद झाला की मी बाटल्यांचं खोकं लाथाडलं. ‘बघा! माझ्या वेळी झालं असतं का असं?’

मामा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला, तसा मी कधी ऐकला नव्हता. ‘तुझ्या वेळी तो माणूस सहा आठवडे टपाल टाकू शकला नव्हता.’

मी लाथाडलेलं खोकं उचलून सरळ ठेवलं. आदल्या वर्षीच्या मॅचमध्ये दहा नंबरवाल्यानं तिसऱ्यांदा माझ्या दोन पायांमधून चेंडू काढला होता आणि प्रेक्षकांत माझा मुलगा हसला होता. पुढच्याच मिनिटाला मी मागून त्याच्या घोट्यावर लाथ घातली. चेंडू तेव्हा पार दुसरीकडे होता. रेफरीनं पाहिलं नाही. गवत ओलं होतं, घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि वर्षभर सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मॅच आम्ही एका गोलनं हरलो. मी बाटल्या गोळा करत होतो, तेवढ्यात दहा नंबरवाला आमच्याकडे आला. मामांना मिठी मारून म्हणाला, ‘मामा! हाऊ इज मामी?’ मामा माझी नजर टाळून खुर्ची पिशवीत भरायला लागले. मग त्यानं माझा हात हातात घेतला. ‘थँक यू फॉर द लाडू, माय फ्रेंड. सिक्स वीक्स, एव्हरी सॅटर्डे. युअर अंकल टोल्ड मी यू सेंट देम. माय किड्स स्टिल आस्क.’ त्याचा हात गरम होता आणि माझा पाण्यानं गार पडला होता. मी मान हलवली.

त्या दिवशी मामांना घरी सोडायचं काम माझ्याकडे होतं. दोन सिग्नल जाईपर्यंत मी मनात हिशेब जुळवत होतो. मामी दर शनिवारी गाडी चालवत आहेत आणि मामा मांडीवर डबा धरून शेजारी बसलेत, असं मला दिसत होतं. शेवटी मी विचारलं, ‘मी पाठवले असं का सांगितलंत?’

‘तू पाठवले असतेस. तुला वेळ लागतो.’

‘मग मला गराजमध्ये कारण का नाही सांगितलंत? मी चारचौघांत वाट्टेल ते बोललो तुम्हाला.’

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘सांगितलं असतं तर लाज वाटली असती तुला, आणि लाज वाटली की तू भडकतोस. तो भडका घेऊन मैदानात गेला असतास. त्याला दोन पोरं आहेत, पायावर पोट आहे. त्यापेक्षा माझ्यावर भडक की लेका. माझ्या घोट्याला आता काय व्हायचंय!’

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. उलट असं कोणी आपल्याला आरपार ओळखावं याचा फार संताप आला, आणि पुढचे दोन सिग्नल मला नीट दिसेनात. त्यांना सोडल्यावर मी तसाच दहा नंबरवाल्याच्या घरी गेलो आणि लाडू कोणाचे आणि लाथ कोणाची, ते सांगितलं. लाडवांचं त्याला ठाऊक नव्हतं. लाथेचं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

थंडी सुरू व्हायच्या आत मामा-मामींना त्यांची मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला, आपल्याकडे राहायला घेऊन गेली. या उन्हाळ्यापासून टीम मी निवडतो. दर शनिवारी मामांना फोन करतो आणि गोचीड म्हणून मुद्दाम एखादं भलतंच नाव सांगतो. मग तिकडून जे सुरू होतं, ते मी फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकतो. माझ्या बुद्धीचा उद्धार होतो, पुण्याचा होतो, बुद्धिबळाचा होतो. तेवढं झालं की माझा रविवार बरा जातो.

गेल्या शनिवारी मी त्या भूलतज्ज्ञाचं नाव सांगितलं, जो मैदानातच पेंगतो. मी सवयीनं फोन कानापासून लांब धरला. पण मामा एवढंच म्हणाले, ‘तुला बरोबर वाटतंय ना? मग खेळव त्याला.’

मला राहवलं नाही. ‘अहो मामा, दहा मिनिटांत सोडून देईल तो माणूस! तुम्हाला कळत कसं नाही? ओरडा की!’ मी इतक्या जोरात बोललो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पलीकडे मामा हसले. दमल्यासारखे, हळू.

‘आता तू ओरड,’ म्हणाले.