राखाडी अक्षरं

मी दोन अक्षरं टाइप केली की नवं शेल पुढची अख्खी ओळ राखाडी रंगात लिहून दाखवतं. बाणाचं बटण दाबलं की ती ओळ पांढरी होते, म्हणजे माझी होते. आमच्या टीम लीडनं तिच्या लॅपटॉपवर हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा बाकीचे "भारी!" म्हणाले आणि मी माझ्या स्क्रीनकडे वळले.

शेल म्हणजे काय, हे समजावून सांगताना मी नेहमी चिडते, तरी सांगते. काळ्या पडद्यावर आम्ही सर्व्हरसाठी कमांड टाइप करतो. ती वाचून मशीनकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. बावीस वर्षं मी एकच वापरत आले, बॅश. ते स्वतःहून काही सुचवत नाही, लाडीगोडी नाही, चुकलात तर तोंडावर सांगतं. माझाही स्वभाव साधारण तसाच आहे, असं घरचे म्हणतात.

लीड माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हुशार आहे आणि मनानं चांगली, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नाही. "मॅम, अख्खी टीम शिफ्ट झालीये, तुम्हीच राहिलात," ती ठाण्याच्या ऑफिसात, कँटीनमध्ये म्हणाली. "काही लक्षातच ठेवायला लागत नाही. एकदा टाइप केलेलं सगळं ते लक्षात ठेवतं."

"तेच तर नकोय मला," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, वयाचा हट्ट. मी तसंच वाटू दिलं, कारण खरं कारण सांगायचं तर आईबद्दल सांगावं लागलं असतं.

आई आता माझ्याकडे डोंबिवलीत असते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तोवर ती दोघं मोहन्यालाच होती. आईचं वाक्य पुरं करायची बाबांना सवय होती. "अहो, येताना ते आणा, ते..." "शेवग्याच्या शेंगा." "हां." बेल वाजली की दार तेच उघडणार आणि तिथूनच ओरडणार, "अगं, खडवलीची ताई आली बघ!" मग आई पदराला हात पुसत बाहेर यायची, "या वन्सं, बसा." एवढ्याशा घरात एवढा मोठा आवाज कशाला, म्हणून मी आणि भाऊ हसायचो.

बाबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आत्या पुन्हा आली. या वेळी दार आईनं उघडलं. तिनं आत्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" कधीपासून, ते फक्त बाबांना माहीत होतं. त्यांनी चार वर्षं झाकलं की आठ, कोण सांगणार? डॉक्टर रागावले नाहीत. थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले. ते वाक्य मी अजून घेऊन फिरते. बाबांचा भयंकर राग येतो, आणि त्यांचं ते दारातलं ओरडणं आठवलं की रडू येतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी लॉगिन केलं की स्वतःची गुपचूप परीक्षा घ्यायला लागले. कमांड आठवते का? पुढची अक्षरं त्याच क्रमानं येतात का? बॅशच्या रिकाम्या ओळीवर मला कुणी मदत करत नाही, म्हणून तिथे मला माझं खरं कळतं. मी पन्नाशीला टेकलेय. विसरायला लागले तर सगळ्यात आधी ते तिथेच दिसेल, अशी माझी खात्री होती. आणि ही बया म्हणते, लक्षात ठेवायला लागत नाही!

शेवटी घेतलं मी ते. एकटीनं आडमुठेपणा करून किती दिवस काढणार? आणि पंचाईत अशी झाली की मला ते आवडलं. दोन अक्षरं, बाण, एंटर. आठवड्यात हाताला बसलं. तीन आठवडे मी चक्क मजेत होते, सकाळची परीक्षासुद्धा विसरले.

चौथ्या आठवड्यात एका क्लायंटच्या सर्व्हरवर काम निघालं. तिथे जुनं बॅशच. डिस्क भरलेली होती आणि सात दिवसांहून जुन्या लॉग फाइल्स शोधून उडवायच्या होत्या. ही कमांड मी हजार वेळा तरी लिहिली असेल. लिहायला घेतली आणि सातच्या आधी बोट थांबलं. अधिक सात की उणे सात? एकानं जुन्या फाइल्स जातात, दुसऱ्यानं ह्या आठवड्यातल्या, ज्यांना हातही लावायचा नव्हता. मी पडद्याकडे बघत बसले. राखाडी काही उगवेना. लीड कॉलवर होती, तिच्या जागेवरून माझी शेअर केलेली स्क्रीन बघत होती. "मॅम? आवाज येतोय ना?" "एक मिनिट," म्हणाले, मॅन्युअल उघडलं, वाचलं. अधिक. काम झालं, कुणाला काही कळलं नाही.

दिवसभर मला दुसरं काही सुचेना. शेलमुळे विसरले, की विसरतच होते आणि शेलनं तीन आठवडे झाकलं? बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी लीडला सगळं सांगितलं, आईसकट. ती म्हणाली, "मॅम, ते अधिक-उणे मलापण दर वेळी बघायला लागतं."

"तुला पहिल्यापासूनच लागतं. मला लागत नव्हतं."

तिनं खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "सजेशन बंद करता येतात," ती म्हणाली, "एका ओळीचं काम आहे. बाकी शेल राहू दे." तिनं ती ओळ पाठवली, मी सेटिंगमध्ये टाकली. राखाडी अक्षरं गेली. मला हायसं वाटलं. विसरायला लागले तर आता निदान कळेल तरी.

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनानं स्वयंपाकाला लागले. आई टेबलाशी मटार सोलत होती, नवरा माझ्या शेजारी ओट्याशी चहा गाळत होता. आमटी उकळली, पातेलं उतरवायचं होतं.

"अरे, ते दे ना, ते..." मी हात पुढे केला.

त्यानं माझ्याकडे न बघताच सांडशी माझ्या हातात ठेवली.

मी ती धरून तशीच उभी राहिले. सांडशी हा शब्द मला येत होता. येत होता ना? आता तो तोंडात होता, पण मला आठवला होता की हातातली वस्तू बघून सुचला, ते माझं मलाच सांगता येईना.

"तुला कसं कळलं मला काय हवंय?"

"कळतं की. तू 'ते' म्हणालीस की मी बघून घेतो काय लागणार ते."

"कधीपासून?"

तो हसायला लागला, माझा चेहरा बघून थांबला. त्यानं गॅस बंद केला आणि खरोखरच आठवू लागला. मी त्याला एकही शब्द सुचवला नाही.