घाट चढून आलेला डास

दुपारच्या चहाला काकूनं हवेत एकदम टाळी वाजवली आणि तळहात आमच्यापुढे धरला. चिरडलेला डास आणि रक्ताचा ठिपका. रक्त आमच्यापैकीच कुणाचं तरी. आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात डास? सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसं ऐटीत सांगायची, "आमच्याकडे मच्छरदाणी लागत नाही." कोकणातून लग्न होऊन आलेल्या काकूनं आपली मच्छरदाणी माहेरीच ठेवली होती. डासाची गुणगुण ओळखली तीही तिनंच.

"मेला एवढा घाट चढून आला!" ती म्हणाली.

इथं गारवा होता तोवर तो खालीच थांबला होता. आमच्या सड्यावरची, त्या उघड्या कातळपठारावरची फुलं, बेडूक तर या गारव्यावरच जगतात. गारवा शोधत त्यांनी आता कुठं चढायचं? वर फक्त देऊळ आहे, आणि त्याच्यावर आभाळ.