व्याह्यांना ऐकवलेलं इंग्रजी गाणं

होणाऱ्या व्याह्यांना साठच्या दशकातलं इंग्रजी गाणं ऐकवू नये, असं कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

आमच्या सायलीने मुलगा स्वतःच निवडला होता. निर्मळ गावचे, केळीच्या वाड्या असलेले लोक. फक्त त्याच्या वडिलांचा, जनार्दनभाऊंचा होकार बाकी होता. त्यासाठी ते सपत्नीक आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटवर आले. "अहो, आज ते गाणं लावायचं नाही हं!" असं बायकोने सकाळपासून बजावलं होतं. पण पोहे संपले, केळीच्या भावावर बोलून झालं आणि सगळे गप्प बसले. मला शांतता सोसत नाही.

"भाऊ, एक गाणं ऐकवतो. शब्द सोडा, ते मलाही कळत नाहीत! आधी नुसता ड्रम ऐका."

मी नवा स्पीकर लावला. "बघा, ड्रमवाल्याला घाई नाही. गाणारा थांबला की दोनच टोले देतो!" दुसऱ्यांदा लावलं ते बेस गिटारच्या खर्जासाठी. "बाकीचे जागच्या जागी, आणि हा एकटा खाली-वर फिरतोय!" तो नीट कळावा म्हणून बेस शेवटपर्यंत वाढवला. तिसरी फेरी आवाजांची. "तिघं गातायत. एक वर चढतो, एक खाली उतरतो, मधला बिचारा तिथंच!"

"मधल्याचं दुःख समजतंय," भाऊ म्हणाले. मला ती दाद वाटली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या शिंदेकाकू, हातात रिकामी बादली. "सेक्रेटरी, केव्हाची मोटर चालू आहे, नळाला थेंब नाही!"

(सोसायटीचा सेक्रेटरी मीच. माझं घर पंपाच्या खोलीच्या बरोबर वर. बेसने भिंती घुमल्या आणि पाणी आलं समजून अख्ख्या इमारतीने बादल्या लावल्या!)

"काकू, मोटर बंद आहे. हे गाणं आहे!"

"गाणं असं घरघरतं होय? आधी स्वतःचं पाणी भरून घेतलंत ना?"

व्याह्यांसमोर पाणीचोरीचा आळ! मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो आणि नळ पूर्ण सोडून दाखवला. "बघा! कोरडा ठणठणीत!" तोवर जिन्यात माणसंच माणसं. बायको आणि सायली त्यांची समजूत काढायला बाहेर गेल्या, आणि मी तावातावाने खाली जाऊन मोटर सुरू केली.

पाणी सगळ्यांना आलं. मलाही आलं. सिंक पोह्यांच्या बशांनी तुंबलेलं, नळ सताड उघडा, आणि गाणं आपोआप चौथ्यांदा लागून इतक्या जोरात चालू की पाण्याचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. मी वर आलो तेव्हा विहीणबाई सोफ्यावर पाय घेऊन बसल्या होत्या. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पायपुसण्यांचा बांध घालून पाणी गॅलरीकडे काढत होते. मी नळाकडे धावलो.

"नळ केव्हाच बंद केला," भाऊ म्हणाले. "गाणं कसं बंद करायचं तेवढं सांगा."

ते गेल्यावर सायली खाली मान घालून ओली पायपुसणी पिळत बसली. पोरीचं जमलेलं लग्न मी एका स्पीकरपायी घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. "मुलगी पसंत आहे आम्हाला."

"काल एवढं होऊनसुद्धा?"

"कालच्यामुळेच! इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहूनही पोरगी हसतमुख आहे. आमच्याकडे तिला काहीच जड जाणार नाही."

तेव्हापासून आमची बायको भाऊंना देवमाणूस म्हणते.