देवीला उजव्या हाताशी ठेवून

तीर्थ डाव्या हाताने घेत नाहीत, म्हणून मी देवळात जाणंच सोडलं होतं. उजव्या तळव्यात थेंब ठरत नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला ते चिकूवर फवारायच्या औषधाचं वाटलं. डॉक्टरांनी समजावलं, की नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचे निरोप अर्ध्या वाटेत अडतात. माझे उजवीकडे जाणारे अडले होते. पाय थोडा ओढायचा. हाताला तर गार-गरमही कळत नव्हतं, तो मी मनातल्या मनात सेवानिवृत्त करून टाकला होता.

तलासरीला फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जायचो. माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला खट. "काका, हायवे बंद झाला की टेम्पो आतल्या रस्त्याने काढतात ना? मेंदूपण तशी वाट शोधतो. पण हाताला कामच दिलं नाही, तर शोधणार कशाला?" मी गंभीरपणे मान डोलवायचो. घरी उजव्या हाताने एका वाटीतले वाल दुसऱ्या वाटीत टाकायचे होते. बायकोची पाठ वळली, की मी डाव्याने उरकायचो. "अहो, एवढ्यात झाले?" ती म्हणायची, "देवी पावली, का डावा हात पावला?"

आशागडजवळ देवीचं एक लहानसं देऊळ आहे. एका मंगळवारी बायकोने मला तिथे नेलंच. ती ओटी भरायला गाभाऱ्याशी थांबली आणि मी प्रदक्षिणेला निघालो. भिंतीचा आधार हवा, आधाराला चांगला हात हवा. म्हणून डावा हात भिंतीवर ठेवून मी खुशाल उलटा चालू लागलो. देवीला काय, फिरल्याशी कारण, असं माझं शास्त्र.

मागच्या कोपऱ्यावर समोरून आलेल्या एका म्हातारीवर आदळलो. तिच्या हातात नारळ होता. तो माझ्या डोक्यात बसायचा तेवढा राहिला.

"ए बाबा, उलटा कुठं? देवी उजव्या हाताला ठेवतात!"

"आजी, उजवा हात चालत नाही माझा."

"मग त्यालाच ने ना देवीपाशी. चांगला हात काय दाखवायला आणलास?" असं म्हणत तिने मला वळवलं, माझा तो सेवानिवृत्त पंजा पकडून भिंतीला लावला आणि वर आपला हात दाबून धरला. "चल लवकर. माझा टेम्पो सुटंल."

आम्ही निघालो. ती पुटपुटत होती, मी लंगडत होतो. देवीच्या पाठीमागे आलो, तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. गार. मी थांबलो. दगड गार आहे, हे मला उजव्या हाताकडून कळत होतं! "आता काय झालं?" ती खेकसली. सांगितलं असतं, तर टेम्पो नक्की सुटला असता.

ताईंना मी विचारलं, हे देवीने केलं की मेंदूने? त्यांनी खूप वेळ माझी बोटं तपासली. "काका, थोडी जाणीव शिल्लक असेल, तिकडे तुमचं लक्ष आज गेलं असेल. नक्की मला नाही सांगता येणार. पण भिंत सोडू नका." मला हे उत्तर फार आवडलं. तेव्हापासून मी दर मंगळवारी देवीला उजवीकडे ठेवून फिरतो आणि घरी वालही प्रामाणिकपणे उचलतो. बरेचसे जमिनीवर जातात. बायको म्हणते, कोंबड्या पाळल्या असत्या तर पोसल्या गेल्या असत्या. आजार आहे तिथेच आहे. उन्हाळ्यात तर तो घरमालकासारखा वागतो. तरी एखाद्या दिवशी अंगठा आपणहून वळतो आणि मी नवल करत त्याच्याकडे बघत बसतो: कुठल्या आडरस्त्याने आलास रे?

ती आजी पुन्हा दिसली नाही. दिसली असती तरी आधी ओरडलीच असती.

परवा मी पुजाऱ्यांसमोर उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. त्यांनी पळी आवरती घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि मग ओतली. निम्मं तीर्थ त्यांच्या पायावर सांडलं. आयुष्यभर मी देवापुढे आपलं चांगलं तेवढंच मांडत आलो. मोडकं घेऊन गेलो तो हा पहिलाच दिवस. तळव्याच्या खळग्यात चार थेंब उरले होते. ते ओठांपर्यंत पोचले.